रस्त्याचा हक्क

आषाढी वारीत संत तुकाराम महाराजांची पालखी लोणी काळभोरहून यवतला मुक्कामी येते. त्या दिवशी पुणे-सोलापूर महामार्गावरची वाहने दुसरीकडे वळवतात. एरवी जो रस्ता जीव मुठीत धरून ओलांडावा लागतो, त्याच्या मधोमध माणसे निर्धास्त चालतात. पिठलं-भाकरीची पंगत उठते आणि कोणाला कोणाची जात विचारायला सवड नसते. देहूहून निघालेल्या याच पालखीची पहिली आरती अनगडशाह बाबांच्या दर्ग्यापाशी होते, हेही आपण विसरू नये.

शहरांना हे आता नव्याने सुचते आहे. बोगोटा शहरात १९७४ पासून काही रस्ते ठरावीक दिवशी सायकलस्वार आणि पायी चालणाऱ्यांसाठी मोकळे ठेवतात. पुण्यातही ११ डिसेंबर २०२१ रोजी पादचारी दिनानिमित्त लक्ष्मी रस्त्याचा काही भाग वाहनांना बंद होता.

यावर कोणी विचारील, चार जणांच्या आनंदासाठी इतरांची वाट का अडवायची? प्रश्न रास्त आहे. आमच्या मते रस्ता अडवणे वेगळे आणि रस्ता खुला करणे वेगळे. जिथे अनोळखी माणूसही बिनदिक्कत सामील होतो आणि रुग्णाच्या गाडीला वाट मिळते, तिथे रस्ता खुला झाला. जिथे परक्याला अंग चोरून जावे लागते, तिथे तो अडवला गेला, मग वर झेंडा कोणताही असो. आमच्या उरूस-जुलूसांनाही हीच कसोटी लावली पाहिजे. वाटेतला काटा दूर करणे हा ईमानचा भाग आहे, आणि रस्त्यात बसायचेच असेल तर रस्त्याचा हक्क अदा करा, कोणाला इजा देऊ नका, सलामाला उत्तर द्या, ही प्रेषितांची (स.) शिकवण आपण मुलांना पाठ करून देतो. ती आधी आपण पाळायला हवी.

२०२५ च्या जूनमध्ये यवतचा रस्ता वारकऱ्यांनी भरला होता. त्याच वर्षी १ ऑगस्टला समाजमाध्यमावरच्या एका मजकुरावरून गावात जाळपोळ झाली, जमावबंदी लागली. रस्ते तेव्हाही वाहनांविना मोकळे झाले, पण भीतीने.

वाहने हटली म्हणजे रस्ता खुला होत नाही. शेजाऱ्याचे पोर त्यावर एकटे, बिनघोर चालू शकते का, हे पाहावे. वारीच्या दिवशी ते चालते. मग उरलेल्या दिवसांचा जाब आपण सर्वांनीच एकमेकांना द्यायचा आहे.