कबरीवरचा हंस

प्रागच्या जुन्या यहुदी दफनभूमीत एका दगडावर हंस कोरलेला आहे आणि त्याच्या सोबतीला सहा टोकांचा तारा. ही कबर डेव्हिड गान्स यांची. 1541 मध्ये जन्मलेले आणि 1613 मध्ये वारलेले गान्स इतिहासकार, गणिती होते. टायको ब्राहे आणि केप्लर या खगोलशास्त्रज्ञांशी त्यांची ओळख होती. जर्मन भाषेत ‘गान्स’ म्हणजे हंस. ताऱ्याचे काय? आज तो पाहून कुणीही म्हणेल, ही धर्माची खूण. पण ज्यू धर्माची खूण म्हणून तो जगभर रुजला तो मुख्यतः 19व्या शतकात. हिब्रूत त्याला ‘मागेन दावीद’, म्हणजे दावीदची ढाल, म्हणतात. याच नावाने गान्स यांनी खगोलशास्त्रावर ग्रंथही लिहिला. हंसाने आडनाव सांगितले, ताऱ्याने नाव.

या दफनभूमीत सुमारे 12,000 शिळा एकमेकींना टेकून उभ्या आहेत. सर्वांत जुनी 1439 सालची; 1787 नंतर इथे कुणाला पुरले नाही. गान्स यांच्या हंसासारखीच इतर चित्रेही नावे सांगतात: हरिण दिसले की हिर्श, सिंह दिसला की लोव किंवा यहुदा, मासा दिसला की कार्पेलेस. कात्री शिंप्याची, खलबत्ता औषधे करणाऱ्याचा. घराण्याचा शोध घेणाऱ्याला हे भांडार वाटते, आणि ते आहेच.

पण मूर्ती कोरू नये अशी ज्यांना दहा आज्ञांत ताकीद, त्यांच्या कबरींवर हरणे आणि सिंह आले कसे? मनाई पूजेसाठी कोरलेल्या आकृतींची, नावाच्या खुणेची नव्हे, असे अनेकांनी मानले. काहींना तेही पटले नाही. उलट, ॲमस्टरडॅमजवळ आउडरकर्क इथे 1614 पासूनच्या पोर्तुगीज ज्यूंच्या दफनभूमीत तर बायबलमधले प्रसंग माणसांच्या आकृत्यांसह कोरलेले आहेत. त्याहून मूलभूत शंका जेरुसलेमच्या तालमुद या धर्मग्रंथात आहे. सज्जनांसाठी स्मारके उभारू नयेत, त्यांचे बोल हेच त्यांचे स्मारक, असे मत तिथे रब्बान शिमोन बेन गमलिएल यांच्या नावाने नोंदलेले आहे. दगड मग हवा कुणाला? गेलेल्याला त्याची गरज नाही. मागे राहिलेल्याला आहे, आणि ही गरज मुळीच कमी मोलाची नाही.

सर्वांत बोलकी खूण दोन तळहातांची. अंगठे जुळलेले, बोटे दोन-दोनच्या जोडीने फाकलेली. मेलेला माणूस कोहेन होता, म्हणजे मोशेचा भाऊ अहरोन याच्या वंशातला पुरोहित, हे ती सांगते. समुदायाला आशीर्वाद देताना कोहेन हात असेच धरतात. त्याआधी लेवी कुळातले लोक त्यांच्या हातांवर पाणी घालतात, म्हणून लेवींच्या शिळेवर झारी. कोहेनपण बापाकडून मुलाकडे जाते, आपल्याकडच्या गोत्रासारखे. आणि शास्त्र असे, की अगदी जवळच्या नातलगांखेरीज कोहेनने मृताजवळ जाऊ नये. त्यामुळे अनेक ठिकाणी त्यांच्या कबरी वाटेच्या कडेला असतात, वंशजांना आत न शिरता दुरून उभे राहता यावे म्हणून. हयातभर मृत्यूपासून दूर ठेवलेले हात शेवटी कबरीच्या दगडावरच कोरले जातात.

हे हात जन्म सांगतात, कर्म नाही. मिश्ना या जुन्या ज्यू ग्रंथात तीन मुकुटांची गोष्ट आहे: तोरेचा म्हणजे धर्मशास्त्राचा, पौरोहित्याचा आणि राज्याचा; चांगल्या नावाचा मुकुट या तिन्हींच्या वर. शिळेवर मुकुट दिसतो तेव्हा बहुधा याच शिकवणीची आठवण असते. परंपरेने आपला कौल इथे स्पष्ट दिला आहे, आणि तो योग्य आहे. तरीही संशोधक आधी हातांकडे धावतो, कारण मुकुटावरून वंशावळ लागत नाही.

बायकांच्या शिळांवर, विशेषतः पूर्व युरोपात, शब्बाथच्या, म्हणजे साप्ताहिक विश्रामदिनाच्या, मेणबत्त्या असतात. कधी त्यातली एखादी मोडलेली. खाली नाव, आणि ‘अमक्याची मुलगी’ म्हणून बापाचे नाव. हे बापाचे नाव म्हणजे शोधणाऱ्याची मोठी कमाई. एका दगडावरून एक पिढी मागे जाता येते. आईचे नाव मात्र सहसा नसते. यहुदीपण आईकडून येते असे मानणाऱ्या समाजात दगड मात्र आईबद्दल गप्प राहतो. ही उणीव कुठलेही चिन्ह भरून काढत नाही.

म्हणूनच चित्रावरून निष्कर्ष काढण्याची घाई नको. सिंह दरवेळी आडनावाचा नसतो. कधी तो यहुदाच्या वंशाचा, कधी निव्वळ शोभेचा. आधी अक्षरे वाचावीत, मग चित्र. हिब्रूत अक्षरांनाच अंकांची किंमत असल्याने वर्षही अक्षरांतच दडलेले असते. झिजलेली ओळ वाचायला तारेचा ब्रश किंवा दाढीचा फेस वापरू नये. दगड खराब होतो. आरशाने बाजूने ऊन पाडले की अक्षरे उठून दिसतात.

असे दगड आपल्याकडेही आहेत. अलिबागजवळच्या नवगावला बेने इस्राएल या मराठी ज्यू समाजाची परंपरा सुरू होते. गलबत फुटले, सात जोडपी वाचली आणि बुडालेल्यांना तिथेच पुरले, असे हा समाज पिढ्यान्‌पिढ्या सांगत आला आहे. त्यांच्या कबरींवर हिब्रूसोबत मराठीही आढळते. किहीमकर, पेणकर, रोहेकर अशा आडनावांत गावच कोरलेले असते. प्रागच्या हंसाचे काम इथे ‘कर’ हे दोन अक्षरी शेपूट करते. पूर्वजांचे दहन करणारे मराठी घर आपली वंशावळ नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत शोधते. बेने इस्राएलांची वही उन्हापावसात उभी असते.

मुंबईत, पुण्यात किंवा कोकणात ज्यांच्या घरचे कुणी अशा दगडाखाली विसावले आहे, त्यांनी अक्षरे पुसट होण्याआधी तिरप्या उन्हात त्यांचे फोटो काढून ठेवावेत. आणि घरातल्या सर्वांत वयस्कर माणसाला आजीच्या आईचे नाव विचारून तेही सोबत लिहून ठेवावे. दगडावर ते बहुधा सापडणार नाही.