साक्षात्कार आणि महाद्वार

गेल्या आषाढात एका व्याख्यानमालेत एका विद्वान वक्त्यांनी असे प्रतिपादन केले की, ज्यास ईश्वराचा साक्षात्कार झाला त्यास नीतीच्या न्यायासनापुढे उभे करण्याचा अधिकार कोणासही पोचत नाही. कारण नीती ही द्वैताच्या मुलखातील व्यवस्था, आणि साक्षात्कारी पुरुषाने तर त्या मुलखाची वेस केव्हाच ओलांडलेली असते. सभागृहात टाळ्या पडल्या; मी अस्वस्थ होऊन घरी परतलो.

आपल्या पक्षाच्या पुष्ट्यर्थ वक्त्यांनी गुरुदेव रा. द. रानडे यांचे नाव घ्यावे, हे मला सर्वांत अधिक लागले. जमखंडीत जन्मलेले, पंधराव्या वर्षी उमदीच्या भाऊसाहेब महाराजांकडून नाम घेतलेले, अलाहाबादेस तत्त्वज्ञान शिकवून अखेर निंबाळच्या माळावर १९५७ साली देह ठेवलेले रानडे अनुभवाचे कैवारी होते, यात संशय नाही. १९३३ सालच्या ‘मिस्टिसिझम इन महाराष्ट्र’ या ग्रंथात ज्ञानदेवांपासून रामदासांपर्यंतच्या संतांची साक्ष त्यांनी काढली, ती ईश्वराचे ज्ञान प्रत्यक्ष आणि अव्यवहित असू शकते हे दाखविण्यासाठीच. परंतु गूढानुभवातून अनीती उपजते हा आक्षेप त्यांनी तिथेच साफ फेटाळला, आणि व्यक्तीचे परिपूर्ण शील व समाजाचे निखळ हित या दोहोंची जामिनकी खऱ्या अनुभवावर टाकली. विल्यम जेम्सनेही एडिंबरोच्या व्याख्यानांत धर्मानुभव फळावरून पारखावा, मुळावरून नव्हे, असेच म्हटले होते. ज्या जामिनावर रानड्यांनी अनुभवास मान्यता दिली, तोच जामीन रद्द करून त्यांचे नाव वापरणे हा त्यांच्यावर अन्याय आहे.

इथवर लिहून लेखणी खाली ठेवावी असे मनात होते. पण ‘समाजाचे हित’ या शब्दांपाशी मी अडलो; कारण मला संत चोखामेळा आठवले, ज्यांच्या जातीस अस्पृश्य मानून देवळाबाहेर ठेवले जाई. परंपरा सांगते की मंगळवेढ्यास गावकुसाचे काम चालू असता ते कोसळून चोखोबा १३३८ साली गेले, आणि नामदेवांनी त्यांच्या अस्थी पंढरीस आणून विठ्ठलमंदिराच्या महाद्वारासमोर समाधी दिली. वाळवंटात एकमेकांच्या पाया पडणारे, उराउरी भेटणारे वारकरी त्या समाधीवरून आत जात राहिले, आणि चोखोबांचे जातिबांधव शतकानुशतके बाहेरच थांबले. नाथांनी तापल्या वाळूतले अंत्यजाचे मूल कडेवर घेतले, तुकोबांनी जातीचा अभिमान उघड धिक्कारला. त्यांच्या अनुभवाच्या खरेपणाविषयी मला तिळमात्र शंका नाही. तरीही दाराची कडी निघाली नाही. अनुभवाने संतांची अंतःकरणे रुंदावली, परंतु बडव्यांचा हक्क, वहिवाट आणि शास्त्राधार यांची मिसळ त्या कारुण्याने विरघळली नाही. म्हणजे वक्त्यांचे म्हणणे मला अजूनही अमान्य असले, तरी रानड्यांनी साक्षात्कारावर टाकलेला भारही तो एकटा पेलू शकत नाही, हे मला कबूल केले पाहिजे. साक्षात्काराची तपासणी बाहेर अडवलेल्या माणसाकडूनच व्हावी लागते, आणि तिचा निकाल अमलात आणण्यास निराळा, कष्टाचा, लोकांमध्ये हिंडून करावयाचा उद्योग लागतो.

तो साने गुरुजींनी केला. विठ्ठलमंदिर अस्पृश्यांना खुले व्हावे म्हणून महाराष्ट्रभर दौरा काढून त्यांनी १ मे १९४७ रोजी पंढरपुरात उपोषण आरंभिले, आणि मंदिर खुले करण्याचे ठरल्यावर दहाव्या दिवशी ते सुटले. चोखोबांच्या मृत्यूस तेव्हा सहाशे नऊ वर्षे झाली होती.

वक्त्यांना माझी कळकळीची विनंती आहे की, पुढील आषाढीस त्यांनी पंढरीस जावे, नामदेव पायरीपाशी चोखोबांच्या समाधीसमोर उभे राहावे, आणि आपला सिद्धान्त तिथे एकदा पुन्हा उच्चारून पाहावा.