गर्दी आणि कळप

ज्याच्यापाशी सांगण्यासारखे काही आहे, त्याने ऐकणाऱ्यांची संख्या वाढावी म्हणून किती झटावे? हा प्रश्न नवा नाही. व्यासपीठावरील वक्त्याला, वेदीवरून प्रवचन करणाऱ्या धर्मगुरूला, नियतकालिकाच्या संपादकाला तो नेहमीच पडत आला आहे. मात्र पूर्वी बोलणारा आणि ऐकणारा यांच्यामध्ये फार तर ध्वनिक्षेपक असे. आता तेथे अल्गोरिदम, म्हणजे कोणाला काय दाखवायचे हे ठरवणारी गणिती नियमावली, उभी आहे. धर्मग्रामातील युवक आपल्या गायनवृंदाची गीते यूट्यूबवर ठेवतात, कोणी रोजच्या शुभवर्तमानावर दोन मिनिटांचे चिंतन ध्वनिमुद्रित करून पाठवतो. थोड्याच दिवसांत त्यांना सल्ला मिळतो की, अल्गोरिदम समजून घ्या, म्हणजे पाहणारे वाढतील. हा सल्ला मानावा का, आणि मानावा तर कोठपर्यंत?

आधी ही नियमावली काय मोजते ते पाहिले पाहिजे. यूट्यूबवर पूर्वी किती जणांनी व्हिडिओ उघडला, यावर भर असे. त्यामुळे फसवे मथळे माजले. म्हणून २०१२ साली लोक किती वेळ पाहत राहतात, याला महत्त्व देण्यात आले. फेसबुकने २०१६ साली प्रेम, हसू, आश्चर्य, दुःख आणि राग दर्शवणारी चिन्हे आणली. २०१७ पासून अशा प्रत्येक चिन्हाला साध्या ‘लाइक’च्या पाचपट वजन देण्यात येत होते, ही गोष्ट कंपनीची अंतर्गत कागदपत्रे २०२१ साली उघड झाली तेव्हा जगाला कळली. रागाचे वजन पुढे कमी होत जाऊन २०२० साली शून्यावर आले. मधल्या काळात संतापाला मात्र बाजारभाव मिळाला होता. आज ‘एक्स’ या नावाने चालणाऱ्या ट्विटरने २०२३ साली आपल्या नियमावलीचा काही भाग खुला केला. त्यात पसंतीच्या खुणेला ०.५ वजन होते, तर कोणी उलट उत्तर लिहिण्याच्या शक्यतेला १३.५. लेखकाने त्या उत्तराला पुन्हा दाद दिली, तर वजन थेट ७५.

हे आकडे बदलत राहतात. त्यांचा रोख मात्र बदलत नाही. माणूस थांबला का, बोलला का, परत आला का, एवढेच यंत्राला दिसते. म्हणून जाणकार सांगतात की, पहिल्या काही क्षणांत धक्का द्या, शेवटी प्रश्न विचारा, एक बाजू ठामपणे घ्या, रोज काहीतरी टाका.

यातील सगळेच त्याज्य आहे, असे म्हणणे अन्यायाचे होईल. श्रोत्याला रुचेल अशा रीतीने सांगणे हे पाप नव्हे. १५७९ साली गोव्यात आलेल्या फादर थॉमस स्टीफन्स यांनी हेच केले. पुराणश्रवणाची सवय असलेल्या लोकांसाठी त्यांनी मराठी आत्मसात केली, ओवीचा छंद स्वीकारला आणि सुमारे ११,००० ओव्यांचे ‘ख्रिस्तपुराण’ रचले. ते १६१६ साली राचोल येथे छापले गेले. आपल्या श्रोत्यांच्या कानाला काय गोड लागते, याचा त्यांनी कसून अभ्यास केला होता. प्रत्यक्ष प्रभू येशूनेही गर्दीचा विचार केला. गेनेसरेतच्या किनाऱ्यावर लोकांची दाटी झाली, तेव्हा तो शिमोनाच्या होडीत बसला, ती काठापासून थोडी आत घ्यायला लावली आणि तेथून शिकवू लागला.

पण भेद नेमका येथेच आहे. होडी सरकली, शब्द सरकला नाही. ओवीने स्टीफन्स यांच्याकडे लय मागितली. आशय बदलण्याची अट घातली नाही. योहानकृत शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात तर गर्दीची उघड परीक्षा आहे. भाकरी खाऊन तृप्त झालेले लोक येशूला बळेच राजा करू पाहतात, तेव्हा तो एकटाच डोंगरावर निघून जातो. दुसऱ्या दिवशी कफर्णहूमला तो जीवनाच्या भाकरीविषयी बोलतो. ते वचन अनेकांना जड जाते आणि बरेच शिष्य पाठ फिरवतात. त्यांनी परतावे म्हणून तो आपले बोलणे सौम्य करत नाही. उलट, तुम्हालाही जायचे आहे का, असे बारा जणांना विचारतो.

आता यंत्राच्या मोजमापाकडे पुन्हा वळू. डोंगरावरील प्रवचनात येशू सांगतो की, वेदीपाशी अर्पण आणले असताना भावाशी असलेले वैर आठवले, तर अर्पण तेथेच ठेवून आधी समेट करायला जावे. समजा, क्षमेवरील एक चिंतन कोणी मोबाइलवर ऐकत आहे. दुसऱ्याच मिनिटाला त्याला शेताच्या बांधावरून अबोला धरलेला सख्खा भाऊ आठवतो. तो मोबाइल बंद करतो आणि भावाच्या दाराशी जातो. त्या चिंतनाला याहून मोठे फळ कोणते? पण यंत्राच्या खातेवहीत हा माणूस अर्ध्यावर सोडून गेलेला प्रेक्षक आहे. आणि त्याच चिंतनाखाली भावाला टोमणे मारत तासभर वाद घालणारा मात्र भरघोस वजनाचा. ज्या मोजमापात उत्तम श्रोता तोट्याच्या बाजूला पडतो, ते मोजमाप आपल्या कामाचे न्यायाधीश होऊ शकत नाही.

धोका एका रात्रीत येत नाही. शांत चिंतन थोड्यांनी पाहिले, कोणावर तरी ताशेरे ओढलेले हजारोंनी पाहिले. पुढच्या वेळी विषय निवडताना मन आपसूकच दुसऱ्या वाटेला वळते. बोलणाऱ्याला वाटते की आपण श्रोते कमावत आहोत. प्रत्यक्षात यंत्र त्याला घडवत असते. काय सांगायचे हे जेव्हा आकडेच ठरवू लागतात, तेव्हा निरोप्या उरतो, निरोप हरवतो.

यावर कोणी म्हणेल, मग दिवा मापाखाली झाकून ठेवायचा काय? मुळीच नाही. मोजके श्रोते हा पावित्र्याचा पुरावा नव्हे. अस्पष्ट आवाज, तयारीविना केलेले लांबलचक भाषण आणि कंटाळवाणी मांडणी यांना नम्रतेचे नाव देणे ही आळसाची पळवाट आहे. कोणत्या वेळी लोक मोकळे असतात, मथळा कसा सुबोध करावा, पहिले वाक्य कसे नेटके असावे, हे अवश्य शिकावे. त्यापलीकडे स्वतःला एकच प्रश्न विचारावा: हे ऐकायला एकच माणूस येणार असता, आणि तो माझ्यासमोर बसला असता, तर मी हेच बोललो असतो का? शमरोनी स्त्रीशी येशू विहिरीपाशी बोलला, तेव्हा तेथे दुसरा श्रोता नव्हता.

नियमावली ज्याच्याकडे आहे त्यालाच अधिक देते. जो पाहतो त्याला आणखी दाखवते. न पाहणाऱ्याला शोधण्याची तिला गरज नाही. मेंढपाळाची रीत उलटी आहे. नव्याण्णव जागच्या जागी असताना त्याचे लक्ष हरवलेल्या एकाकडे असते. म्हणून पाहणाऱ्यांची संख्या वाचून झाल्यावर, या आठवड्यात कोण दिसले नाही, कोण आजारी आहे, कोणापाशी मोबाइलच नाही, याचीही नोंद आपल्यापैकी कोणीतरी ठेवली पाहिजे. ती ठेवण्यासाठी अल्गोरिदम नको. धर्मग्रामातील घरांच्या पायऱ्या चढण्याची तयारी हवी.