ऐकून घेण्याचे ऋण

"आमचा मुलगा अगदी ऐकत नाही, फादर." हे गाऱ्हाणे आम्ही वर्षानुवर्षे ऐकत आलो आहोत. आपल्या मराठीत 'ऐकणे' या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. कानावर पडलेले ग्रहण करणे हा एक, आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. गुरुविद्यालयात लॅटिन शिकताना आमच्या ध्यानात आले की, त्या भाषेतही आज्ञापालनाचा शब्द ऐकण्याच्याच धातूपासून घडला आहे. भाषेतील ही सांगड निरर्थक नव्हे. परंतु तिच्या आश्रयाने आपल्या मनात एक समजूत नकळत रुजली आहे. सांगणे हे थोरांचे काम, ऐकणे हे धाकट्यांचे. मुलाने बापाचे ऐकावे, सुनेने सासूचे, रोग्याने डॉक्टरचे आणि भाविकांनी धर्मगुरूंचे. उलट दिशेने कोणी कोणाचे ऐकावे, असे सहसा कोणी म्हणत नाही. ही समजूत नीतीच्या कसोटीला उतरते काय, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

हा प्रश्न आम्हांला पुस्तकाने घातला नाही. काही वर्षांपूर्वी जंगलातील एका गावाहून एक वृद्ध गृहस्थ आमच्याकडे आले. त्यांचा कर्ता मुलगा नुकताच वारला होता. ते व्हरांड्यात बसले आणि मुलाच्या जन्माच्या वर्षी घरात आलेल्या बैलजोडीपासून त्यांनी सांगावयास सुरुवात केली. आम्हांला मिस्सेची घाई होती. गृहस्थांना पैशांची अडचण असावी असे आम्ही गृहीत धरले, त्यांना मध्येच थांबवले, सांत्वनाचे चार शब्द बोललो आणि त्यांच्या हातात काही नोटा ठेवल्या. त्यांनी त्या टेबलावर परत ठेवल्या. "पैसे नाही पायजे, फादर. सांगाचं होतं," एवढेच म्हणून ते उठले. आम्ही दान केले होते, सांत्वनही केले होते; तरीही आपल्या हातून त्या माणसाचा अपमान झाला, ही जाणीव आजतागायत गेलेली नाही.

अपमान कशाचा झाला? आम्हांस वाटते, त्यांच्या 'मी'चा. 'मी' म्हणजे कातडीच्या आत बंद असलेली वस्तू नव्हे. तान्हे मूल आईने हाक मारल्यावर वळून पाहते, तिने ओ दिल्यावर पुन्हा हाक घालते, आणि या देवघेवीतूनच त्याला आपण कोणीतरी आहोत हे उमगते. मार्टिन बूबर या यहुदी तत्त्वचिंतकाने १९२३ साली प्रसिद्ध केलेल्या आपल्या ग्रंथात हेच मर्म उलगडले आहे. समोरच्याला 'तू' म्हणून भेटले तरच 'मी' खऱ्या अर्थाने उभा राहतो. त्याला वस्तू मानले की दोघेही उणावतात. ज्याचे कोणीच ऐकत नाही तो माणूस प्रथम बोलणे सोडतो, आणि हळूहळू आपल्यापाशी सांगण्याजोगे काही आहे यावरचा त्याचा विश्वासही उडतो.

चंद्रपूर आणि गडचिरोली या आमच्या वनजिल्ह्यांनी हा धडा मोठ्या प्रमाणावर गिरवला आहे. डॉ. अभय बंग व डॉ. राणी बंग १९८६ साली गडचिरोलीत आले. सिकलसेल हा रक्ताचा आजार येथील आदिवासींत असल्याचे त्यांनी शोधून काढले. शास्त्राच्या दृष्टीने शोध मोलाचा होता, परंतु लोकांनी त्यात फारसा रस घेतला नाही. तो आपल्या कुतूहलाचा विषय होता, लोकांची निकड दुसरीच होती, हे डॉ. बंग यांनी पुढे मोकळेपणाने सांगितले आहे. मग त्यांनी लोकांनाच विचारले, तुम्ही दवाखान्यात का येत नाही? उत्तर असे आले की, भल्या मोठ्या इमारतीची भीती वाटते. पांढरे कपडे घातलेली माणसे पाहून प्रेतावरील पांढरे कापड आठवते. नातेवाइकांना रोग्याजवळ राहू देत नाहीत. यातून शोधग्रामचे रुग्णालय झोपड्यांच्या वस्तीसारखे उभारले गेले, नातलगांची सोय झाली आणि रुग्णालयाला लोकांच्या दंतेश्वरी देवीचे नाव मिळाले. तसेच स्त्रियांचे. १९८९ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात बंग दांपत्याचा अभ्यास प्रसिद्ध झाला. दोन खेड्यांतील ६५० स्त्रियांपैकी ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोग होते, आणि त्यापूर्वी ज्यांची कधी तपासणी झाली होती त्या अवघ्या ८ टक्के. दुखणे जुनेच होते. ते विचारणारे आणि ऐकणारे कोणी नव्हते. राणीताईंच्या मराठी पुस्तकाचे नाव 'कानोसा' आहे, हे किती यथार्थ!

येरीहोच्या वाटेवरील आंधळ्या बार्तीमयाचा प्रसंग येथे आठवतो. आंधळ्याला काय हवे असणार, हे कोणीही सांगेल. तरी प्रभू येशू त्याला विचारतो की, मी तुझ्यासाठी काय करावे अशी तुझी इच्छा आहे? सर्व जाणणाऱ्या प्रभूने हा प्रश्न का करावा? आम्हांस वाटते, दृष्टी देण्याआधी त्याला त्या भिकाऱ्याची वाचा परत द्यावयाची होती. लोक त्याला गप्प राहा म्हणून दटावीत होते ना!

येथे एक आक्षेप येईल. ऐकून घेणे म्हणजे मान्य करणे काय? मूल चुकीचा हट्ट धरील, तरुण भरकटेल. सर्वांचेच ऐकत बसलो तर आमचे मत, आमचे सत्य उरेल कोठे? आक्षेप रास्त आहे. याचे उत्तर धानोरा तालुक्यातील मेंढा या गोंड गावाने दिले आहे. देवाजी तोफा यांचे हे गाव. मोहन हिराबाई हिरालाल यांच्या सहवासात येथे अभ्यासगटाची परंपरा रुजली. गावाचे निर्णय बहुमताने नव्हे, सर्वसहमतीने होतात. मतदानात हात मोजले की काम संपते. हरलेल्यांचे म्हणणे समजून घेण्याची गरज राहत नाही. सर्वसहमतीत मात्र एकाचा जरी नकार असला, तरी बाकीच्यांना थांबून त्याचे ऐकावे लागते आणि त्यालाही आपला नकार पटवून द्यावा लागतो. यात वेळ जातो, पण गाव दुबळे झाले नाही. २००९ साली याच गावाने सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवला, आणि २०११ साली स्वतःच्या बांबूच्या वाहतुकीचे परवाने देण्याचा अधिकारही. ऐकल्याने मत पुसले जात नाही, ते तावूनसुलाखून निघते. प्रभूने विहिरीवरील शोमरोनी स्त्रीचे सारे म्हणणे ऐकले, तरी तिच्या जीवनातील सत्य तिला सांगावयाचे सोडले नाही. आणि ते सत्य तिला झोंबले नाही, कारण सांगणाऱ्याने आधी ऐकले होते.

म्हणून आमचे उत्तर असे की, ऐकणे हे थोरांचे ऋण आहे. ज्याच्या हाती सत्ता, ज्ञान किंवा पैसा अधिक, त्याच्यावर हे ऋण अधिक. धाकट्याने न ऐकल्यास एखादी आज्ञा मोडते; थोराने न ऐकल्यास माणूस मोडतो. शलमोन राजाने देवाकडे ऐकणारे अंतःकरण मागितले, हे विसरता कामा नये. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०२२ सालच्या जागतिक संपर्कमाध्यम दिनाच्या संदेशाचा विषयच अंतःकरणाच्या कानाने ऐकणे हा ठेवला होता. बहिऱ्या-तोतऱ्या माणसाला बरे करताना प्रभूने आधी त्याचे कान उघडले आणि मग जिभेचा बंध सोडला, हा क्रमही ध्यानात घेण्यासारखा आहे.

वाचकहो, रात्री जपमाळ झाल्यावर घरातील सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीजवळ दहा मिनिटे बसून पाहा. उपदेश करू नका, घड्याळ पाहू नका. ती व्यक्ती म्हातारी आजी असेल, नववीत नापास झालेला मुलगा असेल किंवा नव्याने घरात आलेली सून असेल. प्रारंभी ती काही बोलणारच नाही. इतक्या दिवसांची सवय एका रात्रीत कशी सुटेल? तरी बसा.

त्या वृद्ध गृहस्थांच्या गावी आम्ही पुढे गेलो होतो. ते शेतावर होते. बांधावर बसून त्यांनी बैलजोडीपासून पुन्हा सुरुवात केली. त्या दिवशी आम्ही मध्ये काही बोललो नाही.