अद्ययावतपणाचा धर्म

गेल्या हिवाळ्यांत एका सकाळीं तास आटोपून आम्ही वर्गाबाहेर पडत होतों, तोंच तिसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी दाराशीं थांबला व त्यानें विचारलें, "सर, तुम्ही 'साबर बोंडं' पाहिलात का?" आम्ही तो चित्रपट पाहिलेला नव्हता. परंतु त्याविषयीं इतकें वाचलें होतें, कीं आपण तो पाहिलेला नाहीं ही गोष्टच जवळ जवळ विस्मरणांत गेली होती. २०२५ च्या आरंभीं अमेरिकेंतील संडन्स महोत्सवांत जागतिक कथापटांच्या विभागाचें सर्वोच्च पारितोषिक त्यास मिळालें, रोहन कानवडे या दिग्दर्शकाचा तो पहिलाच पूर्ण लांबीचा चित्रपट, वडिलांच्या मृत्यूनंतर गांवीं काढलेल्या दिवसांच्या स्वतःच्या अनुभवांतून तो त्यांस सुचला, हें सारें आम्हांस मुखोद्गत होतें. तेव्हां आम्ही निःसंकोचपणें म्हणालों, "हो तर! संडन्सला बक्षीस मिळालें ना त्याला? जरा संथ आहे, पण चांगला आहे." मुलानें क्षणभर आमच्या तोंडाकडे पाहिलें, "हो सर" एवढेंच म्हटलें आणि तो जिना उतरून गेला.

खोटें बोलण्याचे जे प्रकार नीतिशास्त्राच्या पुस्तकांत वर्णिलेले असतात, त्यांत हा प्रकार बहुधा सांपडणार नाहीं. त्यापासून आम्हांस लाभ कांहींच नव्हता. एखाद्यानें कांटच्या तिसऱ्या 'क्रिटिक'विषयीं विचारलें असतें, तर "पुरता वाचलेला नाहीं बुवा" असें आम्ही सहज सांगितलें असतें. किंबहुना, आपण काय काय वाचलें नाहीं हें सांगण्यांत आमच्या पेशाचे लोक एक प्रकारची प्रौढीच मिरवितात. मग गेल्या चार महिन्यांतील एक चित्रपट न पाहिल्याची लाज आम्हांस कां वाटावी? पन्नाशी उलटलेल्या माणसाला 'मागें पडला' या शब्दांची जी भीति असते, ती भीति तर त्याच्या मुळाशीं आहेच. परंतु तेवढ्यानें प्रश्न सुटत नाहीं. आपल्या काळांतील कलेची वार्ता ठेवणें हें सुशिक्षित माणसाचें कर्तव्य आहे, अशी एक अस्पष्ट समजूत आमच्या मनांत घर करून बसली आहे, व ती खरी कीं खोटी हें आम्ही कधींच तपासून पाहिलेलें नाहीं.

प्रथम हिशेबच करूं. आपल्या देशांत वर्षाकाठीं सर्व भाषा मिळून दीड-दोन हजार चित्रपट तयार होतात. गाण्यांची गोष्ट तर याहून विलक्षण आहे. संगीताच्या आंतरजालीय पेढ्यांवर जगभरांतून दररोज सुमारें एक लाख नवीं ध्वनिमुद्रणें चढविलीं जातात, असें त्या धंद्यांतील माणसेंच सांगतात. एक गाणें तीन मिनिटांचें धरलें, तर एका दिवसाचीं गाणीं ऐकावयास पांच हजार तास, म्हणजे अहोरात्र कान लावून बसलें तरी दोनशें आठ दिवस लागतील. आणि तेवढ्या अवधींत आणखी दोन कोटी गाणीं दाराशीं येऊन उभीं राहतील! जें करणें शक्य नाहीं, तें करण्याचें बंधन कोणावर असूं शकत नाहीं, हें तत्त्व आम्ही दरवर्षीं वर्गांत शिकवितों. तेव्हां 'सर्व कांहीं पाहत राहणें' हें कर्तव्य नव्हे, हें उघड आहे. आमच्या कांहीं सहाध्यापकांनीं येथेंच विचार थांबविला असून ते पंचवीस वर्षांपूर्वींच्या गाण्यांवर सुखानें काळ कंठीत आहेत. त्यांचा आम्हांस हेवा वाटतो, पण त्यांचा युक्तिवाद पटत नाहीं. सर्व भुकेल्यांस जेवूं घालतां येत नाहीं, म्हणून दारांतल्या एकालाही घालूं नये, असें कोणी म्हणत नाहीं.

नव्याचा आपणांवर कांहीं हक्क आहे काय, हा वाद तर फार जुना आहे. 'मालविकाग्निमित्रा'च्या प्रस्तावनेंत पारिपार्श्वक सूत्रधारास विचारतो, कीं भास, सौमिल्ल, कविपुत्र यांच्यासारखे नामांकित नाटककार असतां या हयात असलेल्या कालिदासाचें नाटक कशासाठीं? तेव्हां कालिदास हाही एक 'सध्यांचा' मनुष्य होता आणि प्रेक्षकांनीं आपणांस एक संधि द्यावी म्हणून त्यास अर्ज करावा लागत होता, हें आपण सोयीस्करपणें विसरतों. ज्या सौमिल्लाच्या कीर्तीशीं त्यास झगडावें लागलें, त्याचें आज एकही नाटक उपलब्ध नाहीं. सूत्रधाराच्या उत्तराचा आशय सर्वांस ठाऊक आहे: जुनेपण हा गुण नव्हे, नवेपण हा दोष नव्हे, जाणता मनुष्य स्वतः पारखून घेतो. आम्ही हा आधार नव्याच्या बाजूनें आजवर पुष्कळ वेळां सांगितला. परंतु त्या उत्तराची धार आमच्याच गळ्याकडे वळलेली आहे, हें त्या दाराशीं झालेल्या संभाषणानंतर प्रथम ध्यानांत आलें. परक्याच्या मतावर विसंबून चालणाऱ्यास तेथें मूढ म्हटलें आहे. आणि आम्ही 'संथ आहे, पण चांगला आहे' हें जें म्हणालों, तें कोणा एका परीक्षणकाराचें उष्टें होतें.

मेलेल्या कवीस आपली गरज नसते. हयात असलेल्या कलावंतास ती असते, आणि येथेंच कर्तव्याचा कांहीं तरी अंश आहे असें आम्हांस वाटतें. आमच्या आजोबांनीं बालगंधर्वांना रंगभूमीवर ऐकलें होतें. त्यानंतर आलेल्या कोणाचेंही गाणें त्यांनीं मनापासून ऐकलें नाहीं. बोलपट आला, रेडिओ आला, आमच्या वडिलांची सारी तरुणपणाची आवड त्यांच्या डोळ्यांदेखत येऊन गेली, ते आपले "गंधर्वांनंतर काय राहिलें?" असें म्हणून ग्रामोफोनची चावी फिरवीत. त्यांची निष्ठा थोर होती, यांत शंका नाहीं. परंतु सर्वांनींच तशी निष्ठा धरली असती, तर १९११ सालीं 'मानापमान' पाहावयास तरी कोण गेलें असतें? तेंही नाटक त्या दिवशीं नवेंच होतें.

ज्यास आजची तरुण मंडळी 'इंडी' संगीत म्हणतात, म्हणजे मोठ्या कंपनीचा किंवा चित्रपटाचा आश्रय न घेतां आपल्या हिमतीवर केलेलें गाणें, त्याची अवस्था या दृष्टीनें विचार करण्यासारखी आहे. स्पॉटिफाय नांवाच्या पेढीनें २०२४ पासून असा नियम केला आहे, कीं जें गाणें मागील बारा महिन्यांत एक हजार वेळां तरी ऐकलें गेलें नाहीं, त्याच्या कर्त्यास एक पैसाही मिळावयाचा नाहीं. नऊशें नव्व्याण्णव ऐकणारे असले तरी हिशेबांत शून्य! अशा ठिकाणीं एका श्रोत्याचीं तीन मिनिटें ही केवळ करमणूक राहत नाहीं. ती शिधा आहे.

आणखी एक गोष्ट आम्ही उशिरां शिकलों. आमच्या कन्येनें तीन-चार वर्षांपूर्वीं 'स्वदेसी' या मुंबईच्या तरुणांच्या संचाचें 'द वारली रिव्होल्ट' हें गाणें आम्हांस ऐकविलें. तें २०१९ सालचें आहे व त्यांत आरे येथील आदिवासी कार्यकर्ते प्रकाश भोईर यांचा आवाज आहे. जमीन आणि झाडें यांविषयींचें तें गाणें ऐकून आम्ही हललों, आणि कन्येस म्हणालों, "फार उत्तम आहे, आधीं कां नाहीं ऐकवलेंस?" ती म्हणाली, "बाबा, मी तेव्हांच पाठवलं होतं." खरोखरच तिनें तें मोबाइलवर पाठविलें होतें आणि आम्ही उघडलें नव्हतें. त्याच वर्षीं ऑक्टोबरांत मेट्रोच्या गाड्यांच्या आगारासाठीं आरेंतील दोन हजारांहून अधिक झाडें तोडलीं गेलीं. आम्ही ऐकलें असतें म्हणून झाडें वांचलीं असतीं, असें म्हणण्याचा भ्रम आम्हांस नाहीं. परंतु कांहीं कलाकृति आपणांस कांहीं विचारीत असतात, आणि त्या प्रश्नास तिथि असते. तिथि टळल्यावर त्यांस फक्त दाद देतां येते. अभिजात तेवढेंच वाचावें, काळाच्या चाळणींतून जें उरेल तें पुढें पाहूं, असें म्हणणाऱ्यांचें याकडे लक्ष जात नाहीं.

(त्याच कन्येनें २०२४ मध्यें 'तांबडी चांबडी' हें क्राटेक्स व श्रेयस यांचें गाणेंही ऐकविलें. विलायती ठेक्यावर मराठी शब्द नाचतांना ऐकून आम्ही नाक मुरडण्याची तयारी केली होती. परंतु दुसऱ्या कडव्यास आमचा पाय आमच्या संमतीवांचून हलूं लागला, हें येथें प्रामाणिकपणें नमूद करितों.)

इतकें नव्याच्या बाजूनें. पण 'पाहणें' आणि 'वार्ता ठेवणें' या दोन निराळ्या गोष्टी आहेत, आणि आमच्यासारख्यांची फसगत नेमकी या दोहोंच्या सांध्यांत होते. एखाद्या माणसाविषयीं सर्व माहिती असणें म्हणजे त्याची ओळख असणें नव्हे, हें आपण माणसांच्या बाबतींत जाणतों. कलाकृतीच्या बाबतींत मात्र विसरतों. चैतन्य ताम्हाणे यांच्या 'द डिसायपल'ला २०२० मध्यें व्हेनिस येथें पटकथेचें पारितोषिक मिळालें, हें एक वाक्य वाचावयास चार सेकंद लागतात. तो चित्रपट पाहावयास दोन तास लागतात. आणि पाहिल्यानंतर, आपणांस ज्या विद्येचा ध्यास आहे तिच्यापुरती आपली कुवत नाहीं, हें हळूहळू उमजत जाणाऱ्या त्या गायकाबरोबर किती रात्री काढाव्या लागतात, तें ज्याचें त्यास ठाऊक. आम्हांस त्या रात्री काढाव्या लागल्या. चार सेकंदांची वार्ता या रात्रींपासून आपलें रक्षण करिते. तिची खरी गोडी हीच असावी.

आणि वार्तेची एक तिसरी पायरी आहे, तेथें कलाकृतीचाही संबंध सुटतो. हें लिहितांना आम्हांस संकोच होत आहे. जून २०२० मध्यें सुशांतसिंह राजपूत या तरुण नटाचा मृत्यु झाला. टाळेबंदीचे दिवस होते. आम्ही रोज संध्याकाळीं चहाचा पेला घेऊन दूरचित्रवाणीपुढें बसत होतों. त्याचें घर, त्याचीं औषधें, त्याचे पैसे, त्याच्या मैत्रिणीचे खासगी निरोप, यांचा रोज पंचनामा चाले, व रोज आम्हांस पुढचा भाग हवा असे. एके संध्याकाळीं आम्ही "तिचाच हात असणार" असें उद्गारलों. तेव्हां आमच्या सौभाग्यवतींनीं शांतपणें विचारलें, "अहो, तुम्ही त्या मुलाचा एक तरी सिनेमा पाहिला आहे का?" आम्ही पाहिला नव्हता. ज्याच्या कपाटांत काय काय होतें हें आम्ही सांगूं शकत होतों, त्यानें जन्मांत जें काम केलें तें एक क्षणभरही आम्ही पाहिलें नव्हतें. त्या तरुण अभिनेत्रीस अमली पदार्थांच्या प्रकरणांत अटक होऊन सुमारें महिनाभर कोठडींत राहावें लागलें. जानेवारी २०२१ मध्यें मुंबई उच्च न्यायालयानें वृत्तवाहिन्यांच्या असल्या खटल्यांवर कडक ताशेरे ओढले. मार्च २०२५ मध्यें केंद्रीय अन्वेषण विभागानें तपास बंद करण्याचा अहवाल सादर केला, व कोणी घातपात केल्याचें त्यांत निष्पन्न झालें नाहीं, असें प्रसिद्ध झालें. ही बातमी आम्ही अर्ध्या मिनिटांत वाचून पान उलटलें. वाहिन्यांस न्यायालयानें बोल लावला; चहाचा पेला घेऊन समोर बसलेल्यांवर कोणत्या कलमाखालीं खटला भरावा, हें आम्हांस अद्याप ठरवितां आलेलें नाहीं. आम्ही हिंसा केली नाहीं, असें म्हणवत नाहीं. प्रत्येक संध्याकाळीं तिला मागणी आमची होती.

तेव्हां आमचें मत असें झालें आहे, कीं या बाबतींत ऋण आहे तें कलाकृतीचें व तिच्या कर्त्याचें आहे. वार्तेचें ऋण मुळींच नाहीं. वर्षांतून दहा चित्रपट पुरते पाहावे, वीस-पंचवीस नवे आवाज कान देऊन ऐकावे, आणि बाकीच्या हजारोंविषयीं 'ठाऊक नाहीं' असें स्वच्छ सांगावें. दहाच कोणते, हा प्रश्न कोणी विचारील. त्यास आमच्याजवळ शास्त्रीय उत्तर नाहीं, जो मनुष्य आपणांसमोर उभा राहून "पाहिलात का?" म्हणून विचारतो, त्याचा प्रश्न हा बहुधा चांगला मार्गदर्शक असतो. कारण तो क्वचितच त्या चित्रपटाविषयीं विचारीत असतो.

हें आम्हांस कळलें तें असें. त्या संभाषणानंतर आठवड्यानें एका सहाध्यापकाकडून समजलें, कीं त्या मुलाचे वडील आषाढांत वारले आणि तो पंधरा दिवस गांवीं होता. त्या रात्रीं आम्हांस नीट झोंप आली नाहीं. पुढें महिन्याभरानें एका चित्रपट-मंडळाच्या खेळास जाऊन आम्ही 'साबर बोंडं' पाहिला. बाप गेल्यावर दहा दिवस गांवीं राहावें लागलेला एक शहरी मुलगा, सुतकाचे नियम, नातलगांचे लग्नाविषयींचे प्रश्न, आणि त्याच्याजवळ येऊन बसणारा एक बालमित्र. त्या दोघांतील प्रेमाविषयीं आम्ही परीक्षणांत वाचलें होतें; पण त्या घरांतील दुपारच्या शांततेविषयीं कोणी लिहिलेलें आठवत नव्हतें.

दुसऱ्या दिवशीं आम्ही त्या मुलास खोलींत बोलाविलें व म्हणालों, "त्या दिवशीं आम्ही तुझ्याशीं खोटें बोललों. चित्रपट काल पाहिला."

"मला कळलं होतं, सर."

"कशावरून?"

"तुम्ही संथ आहे म्हणालात." तो थोडा थांबला. "ते दिवस तसेच जातात, सर. घरांत कोणी घड्याळाकडे बघत नाहीं."

आम्ही त्यास बसावयास सांगितलें. तो बसला, आणि कांहीं वेळानें वडिलांविषयीं बोलूं लागला. पुढच्या तासाची घंटा झाली तेव्हां तो उठूं लागला. आम्ही त्यास हातानें खूण करून बसविलें आणि शिपायाबरोबर वर्गास निरोप पाठविला, कीं आज तास होणार नाहीं.