पकड, प्रतीती आणि कर्तृत्व

वस्तू उचलताना बोटांनी किती दाब द्यावा हे मेंदू वजन जाणवण्यापूर्वीच पूर्वानुभवावरून ठरवतो, आणि वस्तू निसटू लागल्यास त्वचेतील स्पर्शग्राहींच्या संदेशावरून, म्हणजे स्पर्श टिपणाऱ्या चेतातंतूंच्या आधारे, जाणिवेची वाट न पाहता सेकंदाच्या दहाव्या भागाच्या आत पकड घट्ट करतो, हे स्वीडनमधील योहान्सन आणि वेस्टलिंग यांच्या 1980च्या दशकातील अभ्यासांनी दाखवून दिले. फ्लॅनगन आणि बेल्ट्झनर यांच्या 2000 मधील प्रयोगाने पुढचा प्रश्न उभा केला: समान वजनाच्या दोन ठोकळ्यांपैकी लहान ठोकळा अधिक जड भासतो; काही वेळा उचलल्यावर हात दोन्हींना सारखेच बळ लावू लागतो, तरी मनाचा भ्रम टिकून राहतो. एकाच देहात कृती यथार्थ आणि प्रतीती अयथार्थ असेल, तर ‘मी उचलले’ असे म्हणणारा कोण? सांख्य दर्शन कर्तृत्व प्रकृतीकडे सोपवून पुरुषाला, म्हणजे शुद्ध चैतन्याला, केवळ साक्षी मानते. हे प्रयोग त्या मताचा पुरावा ठरत नाहीत, कारण सांख्यांच्या मते बुद्धीही प्रकृतीचेच कार्य असल्याने भ्रम आणि अचूकता दोन्ही तिच्यातच येतात. मात्र कर्तृत्वाचा अभिमान, म्हणजे अहंकार, कृतीतील प्रत्येक हालचालीचा नियंता नाही, एवढे त्यांवरून म्हणता येते. उचलावे की नाही हा निर्णय तरीही उरतो, आणि नैतिक जबाबदारीचा विचार तेथूनच सुरू करावा लागतो.