अडवलेल्या ओळीपाशी

संगणकाच्या फायरवॉलचा लॉग उघडा आणि भराभर खाली जाऊ नका. एकच ओळ निवडा. तिच्यात 'ब्लॉक' किंवा 'ड्रॉप' असेल, वेळ असेल, दोन आयपी पत्ते, दोन पोर्ट. कुणीतरी आत शिरू पाहत होतं, हा विचार मनात येईल. येऊ द्या. त्याच्यामागे लगेच धावू नका. ओळ पुन्हा वाचा: जे आलं होतं ते अडवलं गेलं, एवढंच ती सांगते.

आता पलीकडचा पोर्ट बघा. ४४३ आहे? मग हे वेबसाइटकडून आलंय, आणि बोलणं बहुधा तुम्हीच सुरू केलं होतं. बातमी वाचली, टॅब बंद केला, लॅपटॉप मिटला. फायरवॉलने ते कनेक्शन संपलं असं धरलं, आणि सर्व्हरचं शेवटचं पॅकेट त्यानंतर पोचलं. आता ते कुणाचं उत्तर आहे हे फायरवॉलला ठाऊक नाही. धडकी भरवणाऱ्या कितीतरी ओळी अशा आपल्याच अर्धवट सोडलेल्या संवादाच्या असतात. इथे सावकाश थांबा. जवळची वेळ बघा, तेव्हा आपण काय करत होतो ते आठवा.

पुढची ओळ. पाठवणारा १९२.१६८ने सुरू होतो, पोचायचा पत्ता २३९.२५५.२५५.२५०, पोर्ट १९००. हा घरातलाच टीव्ही किंवा राउटर, आसपास कोण कोण आहे याची चौकशी करणारा. सोडून द्या.

राउटरच्या लॉगमध्ये मात्र खरे अनोळखी भेटतात. पोर्ट २३, ४४५, ३३८९. 'मीच का?' हा प्रश्न इथे उमटतो. त्याला जरा वेळ द्या. आयपीव्ही४चे एकूण पत्ते सुमारे ४२९ कोटी. २०१३ साली मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांनी झेडमॅप हे साधन मांडलं. गिगाबिट जोडणीच्या एकाच संगणकावरून ते यातल्या सगळ्या सार्वजनिक पत्त्यांची फेरी ४५ मिनिटांच्या आत मारू शकत होतं. अशा फेरीत तुम्हाला कुणी शोधलेलं नसतं. तुमचा आकडा ओघात आलेला असतो. शिवाय घरचा पत्ता बदलता असेल, तर आधीच्या भाडेकरूची पत्रं यावीत तशी त्याच्या टॉरेंटची विचारणाही काही काळ तुमच्याकडे येत राहते.

आता त्या अनोळखी पत्त्याकडे बघा. राग येतोय? २०१६ साली मिराई या मालवेअरने कारखान्यातून आलेले पासवर्ड न बदललेले कॅमेरे आणि व्हिडिओ रेकॉर्डर पकडले, आणि पकडलेला प्रत्येक कॅमेरा पुढचे पत्ते धुंडाळू लागला, बहुतेकदा पोर्ट २३वर. त्या पत्त्यामागे एखादं दुकान असेल आणि मालकाला याची गंधवार्ताही नसेल. मला ही गोष्ट भीतीपेक्षा जास्त अस्वस्थ करते.

म्हणून दिशा तपासा. पाठवणारा पत्ता आपल्याच घरातला असून तो बाहेरच्या असंख्य पत्त्यांच्या २३ किंवा ४४५ वर जात असेल, तर मनन थांबवा, ते उपकरण नेटवरून काढा.

तसं काही नसेल तर राउटरमधलं पोर्ट फॉरवर्डिंगचं पान उघडा. अडवलेल्यांच्या यादीत आत सोडलेलं दिसत नाही. ते इथे दिसतं. एकेक नोंद सावकाश वाचा. जी कुणी केली, कशासाठी, हे सांगता येत नसेल ती बंद करा.